आनी एर्नो कोणी वाचली आहे का?

पागोळी

२०२२ च्या ऑक्टोबरात साहित्याचं नोबेल जाहीर झालं तेव्हा या फ्रेंच लेखिकेचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं, हे आधीच कबूल करते. त्यानंतर इंग्रजीतून एक, मग दुसरं असं करत सात पुस्तकं झाली. आता माझ्या मोडक्यातोडक्या फ्रेंचमधून 'ला प्लास' (म्हणजे 'जागा', तिचं वडिलांवरचं पुस्तक) पुन्हा वाचतेय. पुस्तकं बहुतेक शंभर-सव्वाशे पानांची, त्यामुळे यात पराक्रम काही नाही.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. जन्म १ सप्टेंबर १९४०, नॉर्मंडीतलं लिलबॉन. माहेरचं आडनाव द्युशेन. वाढली जवळच्या इव्हतो गावात. तिथे आईवडिलांचं दुकान होतं, एका बाजूला किराणा आणि दुसऱ्या बाजूला गिऱ्हाइकांनी बसून कॉफी-दारू घ्यायची जागा. आजोबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. वडिलांना बाराव्या वर्षी शाळेतून काढून शेतावर कामाला लावलं, पुढे ते दोरखंडाच्या कारखान्यात कामगार होते, आणि मग हे दुकान. एकुलती एक मुलगी शिकली, फ्रेंचची शिक्षिका झाली, चांगल्या घरात पडली. शिक्षकाची परीक्षा पास झाल्यावर बरोबर दोन महिन्यांनी, १९६७ साली, वडील गेले. 'ला प्लास'ची सुरुवात तिथून होते.

वडील गेल्यावर तिने त्यांच्यावर कादंबरी लिहायला घेतली होती आणि अर्ध्यात तिला किळस आली, असं ती त्याच पुस्तकात सांगते. ज्या माणसाचं आयुष्य पोटापाण्याच्या गरजेने बांधलेलं होतं, त्याला 'रंगवायचा' हक्क आपल्याला नाही. म्हणून मग सपाट लिहायचं. आईवडिलांना खुशालीची पत्रं पाठवताना ती जशी लिहायची तसं. उपमा नाही, गहिवर नाही, वाचकाकडे बघून डोळा मारणं नाही. आईवडिलांच्या तोंडचे शब्द आले की ते फक्त तिरप्या ठशात.

हे पुस्तक १९८३ च्या अखेरीचं. पुढच्या वर्षी त्याला रनोदो हा फ्रान्समधला मोठा साहित्य पुरस्कार मिळाला. मी ते एका बैठकीत वाचलं आणि नंतर दोन दिवस दुसरं काही वाचवेना. आता प्रश्न असा, की इतकं कोरडं लिहिलेलं इतकं आत का जातं? तुमचं मत सांगा. आवडली नसेल तर तेही सांगा.

शेवंता

वा, बसायची जागा धरून ठेवते. एकही वाचलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

जुना_वाचक

आवडली नाही. सांगा म्हणालात म्हणून सांगतो.

मी तिचं 'पास्याँ सँप्ल', म्हणजे 'साधी आसक्ती', इंग्रजीतून वाचलं. एक घटस्फोटित बाई एका विवाहित परदेशी माणसाच्या फोनची वाट पाहते. संपलं. पुस्तकभर फोन. त्यावर भाष्य नाही, त्या माणसाचं नाव नाही, तो कसा बोलतो ते नाही. याला डायरी म्हणतात. डायरी छापायला हरकत नाही, पण तिला 'कादंबरीकार' म्हणून मखरात बसवायचं कशाला? आमच्या पिढीला कादंबरी म्हणजे माणसं उभी करणं असं शिकवलं होतं. सपाट लिहिणं ही शैली असेल तर आमच्या सोसायटीच्या सभेचा वृत्तान्त लिहिणारे चिटणीसही शैलीदार आहेत.

रिकामटेकडा

चिटणीसांना नोबेल मिळालंच पाहिजे. +१

पागोळी

@जुना_वाचक, 'कादंबरीकार' या शब्दाबद्दल तुमच्या बाजूने ती स्वतःच आहे! तिची पहिली तीन पुस्तकं मात्र कादंबऱ्याच: १९७४, १९७७ आणि १९८१. पहिल्या 'लेझार्म्वार व्हीद'मध्ये ('रिकामी कपाटं') नायिकेला दनीझ लस्यूर असं वेगळं नाव आहे आणि भाषा सपाट वगैरे अजिबात नाही. ती चिडलेली आहे, शिव्या देते. ते पुस्तक तिने घरात लपवून लिहिलं. नवऱ्याला सांगितलं की पीएचडीच्या प्रबंधाचं काम चाललंय. दोन लहान मुलं, शाळेची नोकरी आणि वर 'प्रबंध'. त्या संसारावरच पुढे तिसरी कादंबरी आली, 'ला फाम जले', म्हणजे गोठलेली बाई. 'ला प्लास'पासून तिने काल्पनिक नावं सोडली ती सोडलीच.

माणसं उभी करण्याबद्दल 'ला प्लास'मधला एक प्रसंग सांगते. मुलगी बारा वर्षांची असताना वडील एका रविवारी तिला गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयात घेऊन जातात. दोघंही पहिल्यांदाच आत पाऊल टाकतायत. आत पूर्ण शांतता. टेबलामागचा माणूस विचारतो, कुठली पुस्तकं हवीत? आधी ठरवून यायचं असतं हेच दोघांना माहीत नव्हतं. शेवटी त्यानेच निवडून दिली, मुलीला मेरिमेचं 'कोलोंबा' आणि बापाला मोपासाँचं काहीतरी हलकंफुलकं. वडील परत त्या ग्रंथालयात गेले नाहीत. पुस्तकं आईने नेऊन दिली, तीही बहुधा मुदत उलटून गेल्यावर.

सगळा प्रसंग चार-सहा वाक्यांत. 'वडिलांना अपमान वाटला' असं एक वाक्य नाही. माणूस उभा राहिला की नाही ते तुम्हीच सांगा.

ओकारान्त

धागा फ्रेंचचा आणि मी गप्प बसायचं? शक्य नाही. दोन मुद्दे, दोन्ही मराठीत आणताना अडतील असे.

पहिला 'लेझाने'चा, म्हणजे 'वर्षे', २००८. माझ्या मते आवाक्याने तिचं सर्वांत मोठं पुस्तक हेच. युद्धकाळापासून २००६ पर्यंतची साठेक वर्षं. मधूनमधून तिच्या एकेका फोटोचं वर्णन येतं: अंगावर काय आहे, मागे काय दिसतंय, मागच्या बाजूला काय लिहिलंय. पण पुस्तकभर 'मी' नाही. स्वतःचा उल्लेख 'ती' असा. बाकी सगळं 'ऑं' (कोणीही, सगळे लोक) आणि 'नू' (आम्ही) या सर्वनामांत. यातला 'ऑं' इंग्रजीत नीट बसत नाही. मराठीत काय आहे बघा: आपण! 'आपण तेव्हा रेडिओ ऐकायचो', 'आपल्याला वाटायचं आता सगळं बदलणार'. ठोकून बसवल्यासारखं बसतं. गंमत पुढे आहे. मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' वेगळे, फ्रेंचमध्ये तो भेद नाही. म्हणजे अनुवादकाला दर वाक्यात ठरवावं लागणार की ऐकणारा यात आहे की बाहेर. फ्रान्समधल्या १९६८ सालच्या आंदोलनाबद्दल ती बोलते तेव्हा 'आपण' की 'आम्ही'? एर्नोला ही सूट होती, मराठी अनुवादकाला नाही. जो कोणी हे करेल त्याला माझ्यातर्फे जेवण.

दुसरा मुद्दा जास्त अवघड. ७ डिसेंबर २०२२ ला स्टॉकहोमच्या नोबेल भाषणात तिने साठ वर्षांपूर्वीच्या स्वतःच्या डायरीतलं एक वाक्य सांगितलं: 'झेक्रिरे पूर व्हाँजे मा रास'. 'मी माझ्या ___चा सूड उगवायला लिहीन.' ती गाळलेली जागा म्हणजे 'रास' हा शब्द. 'वंश' लिहिलं तर गोरे-काळे आठवतात, तो अर्थ नाही. त्यामागे फ्रेंच कवी रँबोच्या ओळीचा पडसाद आहे, आपण कायमचे खालच्या 'रास'चे आहोत म्हणणाऱ्या. भाषणात तिने ते सांगितलंय. तिच्या मनात होते शेतमजूर, कामगार, किराणावाले, बोलीत बोलतात म्हणून ज्यांना हसलं गेलं ती माणसं. मराठीत हात आपोआप 'जात' या शब्दाकडे जातो. आणि तिथेच थबकतो.

तिरफळ

का थबकावं? मला तर 'ला प्लास' वाचताना पानोपानी आपली दलित आत्मकथनं आठवत होती. 'बलुतं' १९७८ चं, 'ला प्लास' १९८३ चं, म्हणजे जवळपास एकाच वेळचं. शिकलेला मुलगा किंवा मुलगी, मागे राहिलेले आईबाप, स्वतःच्या माणसांची लाज वाटते म्हणून पुन्हा स्वतःचीच लाज.

इथे एक खरी कडी पण आहे. पुण्यात राहिलेले फ्रेंच अभ्यासक गी प्वातव्हँ यांनी दया पवारांचं 'बलुतं' आणि बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' ही दोन्ही पुस्तकं मराठीतून थेट फ्रेंचमध्ये नेली, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. हेमा राईरकरांबरोबर जात्यावरच्या ओव्या गोळा करणारे तेच. म्हणजे फ्रेंच वाचकाला 'बलुतं' मिळून तीसेक वर्षं झाली, आणि आपण एर्नोला नोबेल मिळाल्यावर जागे झालो.

कुंभारवाडा

तिरफळ, माहिती छान, पण तुलना मला पुरती पटत नाही. एर्नोच्या बापाने हात स्वच्छ धुतले, बोली टाकली, नीट कोट घातला, तर रेल्वेत शेजारी बसलेल्याला कळणार नाही तो कोण आहे. त्याची सगळी धडपड तीच तर आहे, कळू न देण्याची. एकदा चुकून दुसऱ्या वर्गाचं तिकीट घेऊन पहिल्या वर्गात बसतो आणि तपासनीस फरकाचे पैसे भरायला लावतो, ही त्याच्या आयुष्यातली कायम लक्षात राहिलेली शरम. फरक भरला की संपतं. 'बलुतं'मध्ये फरक भरायची सोय कुठे आहे? मॅट्रिक होऊन सरकारी नोकरी लागली तरी शहरात भाड्याची खोली शोधताना आडनाव विचारतातच. एर्नो एका परीक्षेने पलीकडे गेली. म्हणूनच तिचं दुःख विश्वासघाताचं आहे. पुस्तकाच्या सुरुवातीला फ्रेंच लेखक झ्याँ झनेचं वाक्य तिने टाकलंय ते उगीच नाही: विश्वासघात केल्यानंतरचा शेवटचा उपाय म्हणजे लिहिणं. आपल्याकडच्या लेखकांना 'पलीकडे' कोणी जाऊ दिलं होतं?

त्यामुळे 'रास'ला 'जात' म्हणू नये या मताचा मी. 'माझ्या माणसांचा सूड' एवढंच पुरे.

तिरफळ

मान्य. विशेषतः तिकिटाचं. पण 'माझ्या माणसांचा' यात धार जाते हो.

ओकारान्त

'माझ्या खालच्या माणसांचा'? नको. बघू. जेवणाची पैज कायम.

रातपाळी

मी वाचक कमी, डॉक्टर जास्त. तिचं एकच पुस्तक वाचलंय, 'लेव्हेनमाँ', म्हणजे 'घटना', २००० सालचं. त्यावरच्या सिनेमाला २०२१ मध्ये व्हेनिस चित्रपट महोत्सवाचा सुवर्णसिंह मिळाला, तो आधी पाहिला आणि मग पुस्तक मागवलं.

१९६३ च्या शरद ऋतूत रुआँमध्ये शिकणारी तेवीस वर्षांची मुलगी गरोदर राहते. फ्रान्समध्ये १९२० च्या कायद्याने गर्भपात हा गुन्हा. डॉक्टर कानावर हात ठेवतात, एकजण तर गर्भ टिकवायचं औषध लिहून देतो. शेवटी पॅरिसमधल्या एका गल्लीतल्या बाईकडे जाते. त्यानंतर वसतिगृहाच्या संडासात जे होतं ते मी इथे लिहीत नाही, पण वैद्यकीय दृष्टीने त्यातला शब्द न् शब्द बरोबर आहे. रक्तस्राव थांबत नाही म्हणून रुग्णालयात नेतात. तिथला तरुण डॉक्टर ओरडतो, मी काय प्लंबर आहे का! मी हे वाचलं तेव्हा ड्यूटीरूममध्ये होते. पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले, कारण असली वाक्यं आम्ही सगळ्यांनी ऐकलेली आहेत.

पण खरी मेख नंतर आहे, आणि तुमच्या वरच्या चर्चेला ती लागू पडते. डॉक्टरला मागाहून कळतं की ही विद्यापीठात साहित्य शिकणारी मुलगी आहे. मग रात्रपाळीच्या बाई तिला विचारतात, तू त्यांच्यासारखीच आहेस हे डॉक्टरांना आधी का नाही सांगितलंस? म्हणजे त्याला ती गिरणीत किंवा दुकानात काम करणारी वाटली होती. ओरडण्याचा पश्चात्ताप नाही, माणूस चुकला याचा आहे.

अवांतर: आपला गर्भपाताचा कायदा १९७१ चा, फ्रान्सचा जानेवारी १९७५ चा. मला वाटायचं उलट असेल. २०२४ मध्ये त्यांनी ते स्वातंत्र्य थेट राज्यघटनेत घातलं.

शेवंता

बापरे. मी यापासून सुरुवात नाही करणार.

वाझकाठ

उशिरा आले. मी पॅरिसजवळच्या सर्जीत राहते, म्हणजे या बाईंच्याच गावात! सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून त्या इथे आहेत. म्हणून थोडं गावाबद्दल.

पॅरिस म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं त्यातलं इथे काही नाही. आरईआर ए गाडीने पॅरिसहून वायव्येला यायचं, वाझ नदीच्या वळणात सरकारने शेतं घेऊन आखलेलं नवं शहर. जिल्हा कचेरीची इमारत उलट्या पिरॅमिडसारखी. जगातल्या सगळ्या देशांची माणसं, आमच्यासकट. पहिल्या वर्षी मला हे गाव अजिबात आवडलं नव्हतं. ज्यांना कोणालाच इथला इतिहास नाही अशांचं हे गाव, म्हणून त्या इथे रमल्या असं मला वाटतं. इव्हतोत दुकानदाराची पोर, शिकलेल्यांच्या शहरांत पाहुणी, इथे सगळेच उपरे.

त्यांचं 'झुर्नाल द्यु दऑर' (म्हणजे 'बाहेरची डायरी', १९९३) या गाडीत आणि दुकानांत टिपलेल्या नोंदींचं आहे. कोणी भीक मागतंय, कोणी नखं कापतंय, खाटीक कोणत्या गिऱ्हाइकाशी कोणत्या सुरात बोलतो. पुढे एक पुस्तक फक्त सुपरमार्केटवर: त्र्वा-फोंतेन या आमच्या मॉलमधलं ओशाँ, २०१२ च्या नोव्हेंबरपासून वर्षभर. मी दर शनिवारी दूध-भाजी घेते तेच दुकान. पुस्तकाच्या नावाचा अर्थ 'बघ, दिवे बघ, माझ्या सोन्या'. नाताळच्या रोषणाईत एक आई लेकराला म्हणते ते वाक्य. आता डाळीच्या रांगेत उभी असले की मी आजूबाजूच्यांच्या ट्रॉल्या बघते. सवय वाईट आहे.

'ला प्लास'ही शेवटी गल्ल्यापाशीच येतं ना? रांगेत तिचा नंबर लागतो आणि गल्ल्यावर बसलेली मुलगी तिची जुनी विद्यार्थिनी निघते. शिक्षिकेला नीट आठवतही नाही. काही बोलणं होत नाही फारसं. पोरीने पुढच्या गिऱ्हाइकाचं सामान ओढायला घेतलेलं असतं.

पागोळी

@वाझकाठ, लिहा हो अजून, स्वतंत्र धागाच काढा.

@शेवंता, 'ला प्लास' आधी. मग 'यून फाम', म्हणजे आईवरचं. आई वेगळंच प्रकरण आहे. दुकानाची खरी मालकीण तीच. रागीट, मोठ्या आवाजाची, कारखान्यातून वर आलेली आणि वाचनाचं वेड असलेली. घरातली एकच वस्तू ती जपून हाताळायची, पुस्तक. हात धुतल्याशिवाय शिवायची नाही. शेवटी स्मृतिभ्रंश झाला. एप्रिल १९८६ मध्ये गेली, प्रसिद्ध फ्रेंच लेखिका सिमोन द बोव्हुआरच्या 'आठ दिवस आधी' असं एर्नो लिहिते. आपण आठवड्याला आठ दिवस म्हणतो तसंच फ्रेंचमध्येही म्हणतात, हे मला तिथे कळलं.

आणि ज्यांना धीर असेल त्यांनी 'लोत्र फीय', म्हणजे 'दुसरी मुलगी', वाचावं, २०११ चं. एर्नो दहा वर्षांची असताना तिने आईला एका गिऱ्हाइकाशी बोलताना ऐकलं, की तिच्या आधी एक मुलगी होती, १९३८ मध्ये सहाव्या वर्षी घटसर्पाने गेली. आणि 'ती हिच्यापेक्षा गुणी होती.' पुढे घरात त्या मुलीचा विषय कधीच निघाला नाही. साठेक वर्षं वाट बघून तिने त्या बहिणीला पत्र लिहिलं. ते हे पुस्तक. एकच मूल वाढवायची ऐपत होती, म्हणजे पहिली गेली म्हणून आपण जन्मलो, हा हिशेब ती दुकानदाराच्या मुलीच्या सरळपणाने मांडते.

जुना_वाचक

पुन्हा आलो. धाग्याची भीड पडली म्हणून 'ला प्लास' मागवून वाचलं. 'पास्याँ सँप्ल'बद्दलचं मत बदललेलं नाही, आधीच सांगतो.

यात मी ग्रंथालयापाशी थांबलो नाही, नोटरीपाशी थांबलो. बापाला कागदावर 'वाचले व मान्य' लिहायचं असतं. फ्रेंच शब्दांचं स्पेलिंग येत नाही, म्हणून तो तसाच ऐकू येणारा दुसरा शब्द लिहितो, ज्याचा अर्थ 'सिद्ध करायचे आहे' असा होतो. घरी येताना त्याच्या डोक्यातून ते जात नाही.

माझे वडील सातवी. घराच्या खरेदीखतावर सही करताना त्यांनी आदल्या रात्री माझ्या वहीच्या मागच्या पानावर सही गिरवली होती. पन्नास-साठ वेळा. मी आठवीत होतो आणि वहीचं पान खराब केलं म्हणून त्यांच्यावर चिडलो होतो. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, इथे का सांगतोय कळत नाही. वडील गेल्यावर एर्नोच्या बापाच्या पाकिटात वर्तमानपत्राचं कात्रण सापडतं ना, मुलगी परीक्षेत दुसरी आल्याचं, ते पान मी घाईघाईने उलटलं.

कादंबरी नाहीच ही. पुढचं कोणतं घेऊ?

पागोळी

'यून फाम'. हात धुऊन घ्या.